यंत्र आपलें, कुलूप दुसऱ्याचें

नांगराचा फाळ बोथट झाला म्हणजे तो लोहाराच्या भात्यापाशीं न्यावा, गाडीचें चाक खिळखिळें झालें म्हणजे सुतारास बोलवावें, आणि इंजिन बंद पडलें म्हणजे तालुक्याच्या गांवीं जो कोणी हुशार मिस्त्री असेल त्यास गांठावें, हा शेतकऱ्याचा पिढीजात क्रम. दाम मोजून घेतलेली वस्तु मोडली तर ती आपण दुरुस्त करावी किंवा आपल्या पसंतीच्या माणसाकडून करवून घ्यावी, यास कोणाची परवानगी लागते असें आपल्याकडे कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१५ सालापासून नेमका हाच प्रश्न मोठ्या वादाचा झाला. तो सरकारी खात्यांपुढें गेला, कोर्टांत गेला, कायदेमंडळांत गेला, आणि शेतकऱ्यांच्या संघांतहि त्यावरून दोन मतें पडलीं. वादाचें कारण ट्रॅक्टरच्या पोटांत बसविलेलें सॉफ्टवेअर. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय परका वाटेल. पण ज्या कंपनीभोंवतीं हा वाद मुख्यतः फिरला तिचा ट्रॅक्टरांचा एक कारखाना पुण्याजवळ सणसवाडीस आहे, आणि तिकडे जें घडलें त्याची चाहूल इकडेहि लागूं लागली आहे. म्हणून तो जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

ही कंपनी म्हणजे जॉन डिअर. तिचा मूळ पुरुष जॉन डिअर हा स्वतः लोहार होता. सन १८३७ मध्यें इलिनॉय संस्थानांतील ग्रँड डीटूर या खेड्यांत त्यानें मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून एक नांगर घडविला. तेथील काळी चिकण माती बिडाच्या नांगरास लगडत असे, आणि शेतकऱ्यास घडोघडीं थांबून ती खरवडावी लागे. गुळगुळीत पोलादावरून ती सहज घसरूं लागली. मोडक्या वस्तूपासून, लोहाराच्या भट्टींत, ज्या धंद्याचा आरंभ झाला त्याच धंद्यावर पुढें ‘आम्हांस आमचें यंत्र दुरुस्त करूं देत नाहीं’ असा शेतकऱ्यांनीं आरोप करावा, हा योगायोग मौजेचा खरा.

आतां यंत्रांत काय पालटलें तें पाहूं. जुन्या ट्रॅक्टरांत डिझेल किती व केव्हां जावयाचें हें पंप, स्प्रिंग आणि दट्ट्या ठरवीत. बिघाड डोळ्यांस दिसे, कानांस ऐकूं येई, हातास लागे. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरांत व कापणीच्या यंत्रांत तें काम एक लहानसा संगणक करतो. इंजिनावर, गिअरपेटींत, धुराच्या नळींत, तेलाच्या वाटांवर जागोजाग संवेदक बसविलेले असतात. ते उष्णता, दाब, वेग यांची बातमी क्षणोक्षणीं त्या संगणकास कळवितात, आणि तो आपल्या पोटांत भरलेल्या आज्ञावलीप्रमाणें, म्हणजेच सॉफ्टवेअरप्रमाणें, हुकूम सोडतो. असा संगणकहि एकच नसतो. एका यंत्रांत ते अनेक असून एकमेकांशीं तारेनें बोलत असतात. यापासून लाभ नाहीं असें कोणीं म्हणूं नये. इंधन वांचतें, उपग्रहाच्या खुणेवर ट्रॅक्टर आपणच रेघ धरून चालतो, आणि एकदां पेरलेल्या पट्ट्यावर पुन्हां बीं पडत नाहीं. हातीं तिफण धरून सरळ काकऱ्या काढण्याची ज्याला घमेंड आहे त्यानेंहि हें काम पाहून मान डोलवावी.

परंतु एक उदाहरण घ्या. धुराविषयींचे नियम कडक झाल्यापासून मोठ्या डिझेल इंजिनांच्या धुरांत एक द्रावण फवारूं लागले. तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या ओळखीच्या युरियाचें शुद्ध पाण्यांतील द्रावण होय. युरियाचें प्रमाण ३२.५ टक्के. धुराच्या उष्णतेनें त्यापासून अमोनिया निघतो, आणि तो नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचें रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजनांत व पाण्याच्या वाफेंत करतो. योजना उत्तम. पण या द्रावणावर नजर ठेवणारा एखादा संवेदक बिघडला तर इंजिन ठणठणीत असूनहि संगणक त्याची शक्ति कमी करतो, आणि यंत्र कसेंबसें बांधापर्यंत नेण्यापुरतेंच चालतें. पीक उभें, आभाळ भरून आलेलें, आणि यंत्र पडद्यावर एक आंकडा दाखवून स्वस्थ! त्या आंकड्याचा अर्थ काय, दोष क्षुल्लक कीं मोठा, हें कळण्यास दुसरा एक संगणक त्यास जोडावा लागतो.

हा दुसरा संगणक कोणाजवळ असावा, यावरच सारें भांडण आहे. पूर्ण ताकदीची तपासणी-आज्ञावली कंपनीनें आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेविली. शेतकऱ्यांस व गांवच्या मिस्त्र्यांस पुढें जी विकत मिळूं लागली ती तिची उणी आवृत्ति. तिनें दोष ओळखतां येई, पण कित्येक दुरुस्त्या पुऱ्या करतां येत नसत. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, कांहीं सुटे भाग नुसते बसवून भागत नाहीं. नवा भाग अस्सल कंपनीचाच असला, बोल्ट नीट आवळले, तारा बरोबर जोडल्या, तरी यंत्राच्या मुख्य संगणकास त्याची ओळख सॉफ्टवेअरनें करून द्यावी लागते. ती होईपर्यंत नवा भाग म्हणजे घरांत आलेली, पण सासूनें अद्याप बोलावयास न घेतलेली सून! हें ओळखीचें काम करावयास विक्रेत्याचा माणूस आपला संगणक घेऊन येणार, आणि त्याच्या येण्याजाण्याचें व कामाचें बिल शेतकरी देणार. सुगीच्या दिवसांत असे ग्राहक त्याच्याकडे रांगेनें उभे असतात हें सांगावयास नकोच.

मग शेतकऱ्यानें किंवा त्याच्या एखाद्या चलाख मुलानें हें कुलूप स्वतः कां उघडूं नये? येथें कायदा आडवा आला. १९९८ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट नांवाचा कायदा केला. सिनेमा, गाणीं, पुस्तकें यांच्या चोरट्या प्रती संगणकांवरून निघूं नयेत हा त्याचा मुख्य हेतु. त्याच्या कलम १२०१ नें असें ठरविलें कीं, लेखाधिकाराच्या संरक्षणार्थ घातलेलें डिजिटल कुलूप तोडणें हाच गुन्हा. आंतील वस्तूची चोरी केली कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. सॉफ्टवेअरलाहि पुस्तकाप्रमाणेंच लेखाधिकार लागू असतो. म्हणून सिनेमासाठीं केलेला कायदा ट्रॅक्टरास येऊन लागला. कायदा करणाऱ्यांच्या मनांत ट्रॅक्टर असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण एकदां शब्द छापले गेले म्हणजे ते कोठवर जातील याचा नेम नसतो.

या कलमांत दर तीन वर्षांनीं अपवाद करण्याची सोय आहे, आणि तो अधिकार आहे काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडे. शेतकऱ्यानें आपला ट्रॅक्टर उघडावा कीं न उघडावा याचा निकाल ग्रंथपालानें द्यावा, ही व्यवस्था ऐकून हंसूं येईल, पण ती खरी आहे. २०१५ मध्यें या अपवादाची चौकशी चालू असतां कंपनीनें लेखी म्हणणें दिलें कीं, ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यास सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाहीं. यंत्र आहे तोंवर तें चालविण्याचा एक गर्भित परवाना तेवढा त्यास मिळतो. हें वाक्य शेतकऱ्यांना झोंबलें. लोखंड तुमचें, चाकें तुमचीं, कर्जाचे हप्तेहि तुमचे. पण ज्याच्यावांचून हें सारें निश्चल धूड आहे तें मात्र आमचें, असा त्याचा सरळ अर्थ त्यांनीं घेतला, आणि तो चुकीचा घेतला असें म्हणवत नाहीं.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत अपवाद मंजूर झाला. शेतीच्या वाहनासकट आपल्या वाहनाच्या दुरुस्तीसाठीं मालकानें कुलूप उघडण्यास हरकत नाहीं असें ठरलें, आणि एका वर्षानंतर तें अमलांत आलें. २०१८ मध्यें दुसऱ्या मिस्त्र्याकडून तें काम करवून घेण्यासहि वाट मोकळी झाली. तथापि कुलूप उघडण्याचीं हत्यारें बनवून विकण्यावरील बंदी कायम राहिली. म्हणजे घरधन्यानें आपलें कुलूप उघडण्यास मुभा, पण किल्ली घडविणाऱ्यास मनाई! ज्याला सॉफ्टवेअरची विद्या अवगत नाहीं अशा शेतकऱ्यास त्या मुभेचा उपयोग तो किती? शिवाय २०१६ च्या सुमारास कंपनीनें सॉफ्टवेअरच्या परवान्याचा जो करार पुढें केला त्यांत बहुतेक सर्व फेरफारांस बंदी घातली होती, आणि सॉफ्टवेअरच्या दोषानें पिकाचें वा नफ्याचें नुकसान झालें तरी त्याची भरपाई मागतां येऊं नये अशीं कलमेंहि होतीं. यंत्राचा संगणक सुरू केला कीं करार मान्य झाला. सही नाहीं, साक्षीदार नाहीं. सावकाराच्या कोऱ्या कागदावर आंगठा उठविणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांस निदान आंगठा उठविल्याचें तरी ठाऊक असे.

कंपनीची बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, सॉफ्टवेअर उघडें टाकलें तर लोक धूर शुद्ध करणारी यंत्रणा बंद करतील, इंजिनाची शक्ति ठरल्यापेक्षां वाढवितील आणि अपघातास आमंत्रण देतील. यांत तथ्य आहे. तसले उद्योग करणारे शेतकरी अमेरिकेंत आहेत, आणि जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यास पूर्वीच्या धन्यानें त्याच्यावर काय प्रयोग केले हें कळत नाहीं. परंतु धुराचा नियम हा दुरुस्ती नाकारण्याचें निमित्त होऊं शकत नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें अमेरिकेच्या पर्यावरण-खात्याच्या मुख्यांनींच नॅशनल फार्मर्स युनियन या शेतकरी-संघास पत्र लिहून स्वच्छ हवेचा कायदा स्वतंत्र दुरुस्तीच्या आड येत नाहीं असें कळविलें.

या कुलपाचा एकदां चांगला उपयोगहि झाला. २०२२ मध्यें रशियाच्या सैन्यानें युक्रेनमधील मेलिटोपोल शहर घेतलें, तेव्हां तेथील विक्रेत्याच्या आवारांतून सुमारें ५० लक्ष डॉलरांचीं यंत्रें पळविण्यांत आलीं. कांहीं कापणीयंत्रें थेट चेचन्यापर्यंत गेलीं. पण तेथें पोंचल्यावर चोरांस दिसून आलें कीं तीं सुरूच होत नाहींत. शेंकडों मैलांवरून तीं कुलूपबंद करण्यांत आलीं होतीं. ही बातमी वाचून जगभर लोकांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीहि आनंदच मानतों. मात्र टाळ्या वाजवून झाल्यावर हा विचार मनांत येतोच कीं, चोराचें यंत्र ज्याला दुरून बंद करतां येतें त्याला धन्याचेंहि करतां येतें.

शिवाय हें कुलूप ज्यांच्यासाठीं आहे त्यांना तें अडवितें असेंहि नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें लास व्हेगास येथें संगणक-विद्येंतील भेदकांचा डेफ कॉन नांवाचा मेळा भरला. तेथें सिक कोड्स असें टोपणनांव घेतलेल्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थानें या कंपनीच्या ट्रॅक्टरचा पडदा आणून त्यामागील संगणकाचीं सर्व कुलुपें उघडून दाखविलीं. एवढ्यावर न थांबतां त्यानें त्या पडद्यावर डूम नांवाचा १९९३ सालचा बंदुकीचा खेळ, मक्याच्या शेतांतील ट्रॅक्टरचा देखावा घालून, चालविला. सभागृहांत हंशा पिकला. विनोद बाजूस ठेवला तरी त्यांतून दिसलें तें गंभीर आहे. ज्याला महिनोन् महिने खटपट करण्याची विद्या व सवड आहे त्याच्यापुढें कुलूप टिकलें नाहीं. टिकलें तें फक्त ज्याचें पीक उभें होतें त्याच्यापुढें.

कंपन्यांनीं आश्वासनें दिलीं नाहींत असें नाहीं. २०१८ मध्यें यंत्रें बनविणाऱ्यांच्या व विकणाऱ्यांच्या संघांनीं जाहीर केलें कीं, १ जानेवारी २०२१ पासून तपासणीचीं साधनें शेतकऱ्यांस मिळतील. ती तारीख आली आणि गेली. साधनें मिळत नाहींत अशा तक्रारी चालूच राहिल्या. पुढें जानेवारी २०२३ मध्यें अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन या सर्वांत मोठ्या शेतकरी-संघानें जॉन डिअरशीं एक समजुतीचा लेख केला. कंपनीनें पुस्तिका, साधनें व माहिती रास्त अटींवर देण्याचें कबूल केलें, आणि त्याच्या मोबदल्यांत संघानें मान्य केलें कीं, याहून अधिक बंधन घालणाऱ्या दुरुस्तीच्या कायद्यांस आपल्या संस्थानिक शाखांनीं पाठिंबा देऊं नये असें आपण त्यांस सुचवूं. आमच्या मतें हा सौदा आंतबट्ट्याचा झाला. दिलें तें कायद्याचें शस्त्र आणि मिळालें तें वचन. वचन मोडलें तर कोर्टांत जाण्याची सोय त्यांत कोठेंच नव्हती. वर सांगितलेल्या नॅशनल फार्मर्स युनियननें कायद्याचा आग्रह सोडला नाहीं, आणि आमच्या समजुतीनें तोच मार्ग बरोबर होता.

कोलोरॅडो संस्थानानें फार वाट पाहिली नाहीं. एप्रिल २०२३ मध्यें गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनीं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्यावर सही केली. शेतीयंत्रांपुरता असा कायदा करणारें तें पहिलें संस्थान. १ जानेवारी २०२४ पासून तो अमलांत आला. यंत्रें बनविणाऱ्यांनीं सुटे भाग, सॉफ्टवेअर, साधनें व माहितीपुस्तिका धन्यास आणि स्वतंत्र मिस्त्र्यास रास्त दरानें द्याव्या असें बंधन त्यानें घातलें. तिकडे २०२२ पासून शेतकऱ्यांनींहि कंपनीवर फिर्यादी केल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें इलिनॉयमधील संघ-न्यायालयानें त्या प्राथमिक पायरीवरच निकालांत काढण्यास नकार दिला. १५ जानेवारी २०२५ रोजीं फेडरल ट्रेड कमिशन या मध्यवर्ती सरकारी मंडळानें इलिनॉय व मिनेसोटा या संस्थानांसह दावा लावला कीं, कंपनीनें दुरुस्तीच्या धंद्यांत मक्ता निर्माण करून खर्च वाढविला. कंपनीनें आरोप नाकारले. त्याच वर्षाच्या जुलैंत तिनें शेतकऱ्यांसाठीं पूर्वीपेक्षां अधिक सामर्थ्याची दुरुस्ती-आज्ञावली बाजारांत आणली, आणि तिची वर्गणी दर यंत्रामागें वर्षास १९५ डॉलरांपासून ठेविली. जें देणें धोक्याचें म्हणून इतकीं वर्षें सांगितलें तें देतां येत होतें, एवढें तरी त्यावरून सिद्ध झालें.

शेतकऱ्यांनीं आपला निकाल लिलावांत दिला होता. २०१९ मध्यें मिनेसोटांत १९७९ सालच्या बनावटीचा, थोडकाच चाललेला एक ट्रॅक्टर ६१,००० डॉलरांस गेला. चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या यंत्रास ही किंमत! कारण उघड आहे. तो शेतकऱ्यास आपल्या पान्यानें उघडतां येतो.

आतां आपल्याकडे वळूं. आपले बहुसंख्य ट्रॅक्टर लहान शक्तीचे व साध्या बांधणीचे असल्यामुळें हा प्रश्न आपल्यास अजून तितका जाणवला नाहीं. परंतु १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे ट्रेम-४ हे कडक नियम लागू झाले. ते पाळावयाचे म्हणजे डिझेल मोजून सोडण्याचें काम संगणकाकडे द्यावें लागतें, आणि संगणक आला म्हणजे त्याच्या मागोमाग तपासणीचा संगणकहि येतो. ऊंस व कापसाच्या पट्ट्यांत जे बागाईतदार मोठे ट्रॅक्टर किंवा कापणीयंत्रें घेऊन भाड्यानें चालवितात, त्यांना याची झळ प्रथम लागेल.

कायद्याच्या बाबतींत आपली स्थिति अमेरिकेहून बरी आहे. १९५७ च्या आपल्या लेखाधिकार कायद्यांत २०१२ मध्यें ६५अ हें कलम घातलें गेलें. डिजिटल कुलूप तोडणाऱ्यास त्यांतहि दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. मात्र तें लेखाधिकाराचा भंग करण्याच्या हेतूनें तोडलेलें असलें पाहिजे. हेतूची ही अट महत्त्वाची आहे. आपल्या ट्रॅक्टरचा संवेदक बदलणारा मिस्त्री सॉफ्टवेअरच्या प्रती विकावयास निघालेला नसतो. दुसरें, ऑगस्ट २०१४ मध्यें भारताच्या स्पर्धा आयोगानें १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटि रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठीं: सुटे भाग व तपासणीचीं साधनें त्या खुल्या बाजारांत येऊं देत नव्हत्या. पुढें अपिलें झालीं तो भाग वेगळा. पण तत्त्व नोंदलें गेलें. तें मोटारींपुरतें होतें, आणि ट्रॅक्टरविषयीं तसा प्रश्न घेऊन कोणीतरी आयोगाकडे गेलें पाहिजे.

जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, तेव्हां चार क्षेत्रें निवडलीं व त्यांत शेतीचीं अवजारें स्पष्ट होतीं. त्या डिसेंबरांत खात्यानें या हक्काचें संकेतस्थळहि उघडलें. परंतु वस्तु दुरुस्तीस किती सोपी हें दाखविणाऱ्या निर्देशांकाचा जो आराखडा मे २०२५ मध्यें सादर झाला तो मोबाइल व विजेच्या उपकरणांसंबंधीं होता. शहरचा ग्राहक आपली तक्रार मोठ्यानें मांडतो. शेतकरी बांधावर बसून मिस्त्र्याची वाट पाहतो. आमच्यासारख्या संस्थांनीं या बाबतींत खात्याकडे ठराव धाडण्यास उशीर केला आहे, हें स्पष्ट लिहिलेलें बरें.

तोंपर्यंत मोठें यंत्र घेणाऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं विक्रेत्याकडून कांहीं गोष्टी लेखी घ्याव्या. पडद्यावरील दोषांच्या आंकड्यांचा तक्ता मराठींत किंवा निदान हिंदींत मिळेल काय. तपासणीची आज्ञावली बाहेरच्या मिस्त्र्यास विकत मिळते काय व कितीस. कोणते सुटे भाग बसविल्यावर कंपनीच्या माणसानें येऊन ओळख करून द्यावी लागते. यंत्र इंटरनेटनें कंपनीशीं जोडलेलें असल्यास आपल्या शेताची कोणती माहिती तिकडे जाते, आणि ती जोडणी बंद ठेवली तर कोणतें काम अडतें. पांच वर्षांनीं यंत्र विकावयाचें झालें तर सॉफ्टवेअरचा परवाना नव्या धन्याच्या नांवें होतो कीं नाहीं, हेंहि विचारावें. कारण तो होत नसेल तर जुन्या यंत्राची बाजारांतील किंमत लोखंडाच्या भावाजवळ जाते, आणि खरेदीच्या दिवशीं हें विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं.